ऐकतात, पण उठत नाहीत

माणूस गेला तर रडता येतं. जागा असला तर भांडता येतं. नुसताच निजून राहिला तर त्याच्या बायकोने काय करायचं, हे मला माहेरी कोणी शिकवलं नाही आणि सासरी कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. मला अक्षरओळख आहे; वडिलांनी हौसेने करून दिली, सासरी ती कोणाला फारशी रुचली नाही. औषधं वैद्याला विचारा, ती मी सांगणार नाही. माझ्यावर जे गुजरलं तेवढंच सांगते. पुण्यात आत्ता या घटकेला एखादी बाई अशाच माणसाच्या उशाशी बसली असेल आणि आपल्यालाच वेड लागलंय असं तिला वाटत असेल. नाही गं, वेड नाही लागलेलं. तसंच वाटतं.

ताप

आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत. घरात सासूबाई, आमची लहान मुलगी ठकी, मी आणि हे. ह्यांचं नाव मी घेत नाही, तुम्ही समजून घ्या. ह्यांची चाकरी फरासखान्यात. श्रीमंतांची स्वारी मोहिमेवर निघाली की तंबू, कनाती, जाजमं बरोबर न्यायची आणि धडपणी परत आणायची. यंदा तंबू सगळे धड आले. माणूस ताप घेऊन आला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. “दोषी ताप आहे. चिवट असतो. धीर धरा,” म्हणाले. धरला. ताप चढे तसे हे बडबडत. मेखा कमी पडल्या म्हणून कोणाला तरी शिव्या घालत, मग माझ्यावर उखडत. ऐकून ऐकून मी कावून गेले. देवा, थोडा वेळ तरी ह्यांना गप निजू दे, असं म्हणत होते. मागताना जपून मागावं बाई.

एके सकाळी बडबड थांबली. अंग जरा निवलेलं, चेहरा शांत, श्वास सावकाश. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. “गाढ झोप लागली हो, आता उतार पडला!” आम्ही दिवसभर चवड्यांवर चाललो. ठकीच्या पायांतले वाळे काढून ठेवले. शेजारणीला सांगितलं, कांडण आज नको, उद्या कर. ह्यांचे थोरले भाऊ सदाशिव पेठेत राहतात, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते दुपारी आले आणि दारातूनच पाहून गेले. “झोपेसारखं औषध नाही, उठवू नका कोणी.” असं आम्ही घरच्या घरी, मोठ्या मायेने, त्यांना खोल खोल जाऊ दिलं.

उन्हं कलल्यावर मी जवळ जाऊन बसले. ओठावर माशी होती. ओठावरून ती नाकाशी गेली, तिथून डोळ्याच्या कोपऱ्यात. पापणी हलली नाही. हाक मारली. हात हलवला. मग सासूबाईंदेखत, लाज सोडून, खांदे धरून गदागदा हलवलं. मान एकीकडे कलंडली आणि तशीच राहिली.

वैद्यबुवा धावत आले. नाकात सुंठ-मिऱ्याची पूड फुंकली. डोळ्यांत झोंबरं अंजन घातलं. नखाच्या मुळाशी टोचून पाहिलं. रक्त आलं, माणूस काही आला नाही.

“ही झोप नव्हे,” बुवा म्हणाले.

“मग काय आहे?” सासूबाईंनी विचारलं.

बुवा भिंतीकडे पाहत राहिले. त्या घटकेला मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू! ज्याला आपण बोलावतो तोच गप्प बसला की भीती खरी होते.

नावं

पुढे घरात शब्दांचा सुकाळ झाला. सासूबाई म्हणत ‘झोप’. शेवटपर्यंत झोपच म्हणत. दुसरा शब्द त्यांनी जिभेला लागू दिला नाही. हौदावरून पाणी आणणारी बाई म्हणे, “धन्याला झापड आलीया.” शेजारीण म्हणे, “निपचित पडलेत हो बिचारे.” दादा म्हणत ‘ग्लानी’. वैद्यबुवा कधी ‘तंद्रा’ म्हणत, कधी ‘मूर्च्छा’. फरक विचारला तर सांगत, की तंद्रेतला माणूस विहिरीच्या काठाशी असतो, त्याला हाक ऐकू येते पण ओ देता येत नाही. मूर्च्छेतला तळाशी. त्याला ना हाक, ना दुःख.

“मग हे कुठे आहेत?”

“आज काठाशी वाटतात. उद्या पाहू.”

मंडईतली माळीण तरी भाव एक सांगते.

पेंग, डुलकी, गुंगी, सुस्ती, घेरी, भोवळ. इतके शब्द आहेत आपल्याकडे, आणि मला आपलं वाटायचं की थोड्याफार फरकाने सगळं एकच. नाही हो. प्रत्येक नावापाठोपाठ लोकांचं एक वागणं येतं. झोप म्हटलं की लोक हळू बोलतात. ग्लानी म्हटलं की पायाशी बसून स्तोत्र म्हणतात. निपचित म्हटलं की उशाशी उभं राहून, जणू आत कोणी नाहीच, अशा थाटात तुमच्या उरलेल्या जन्माची चर्चा करतात. एक बाई समाचाराला आली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “किती लांबसडक केस आहेत गं तुझे!” विधवेचे केस काढतात, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार. जाताना मी तिला कुंकू लावलं. तिच्या कपाळावर सगळं फिसकटलं. मला बरंच वाटलं.

बोंडलं

दिवस कसा जाई ते सांगते, कारण असल्या दुखण्यात माणूस कामानेच तगतो. सकाळी अंग पुसायचं, कूस बदलायची. ते मी आणि सासूबाई मिळून करत असू. म्हातारी सोवळ्याची इतकी कडक की माझा पदर लागला तर पुन्हा न्हायची. लेकाला उलटवताना ते सोवळं कुठे गेलं, तिनेही विचारलं नाही, मीही नाही. पाठीला चट्टे पडायला लागले तेव्हा केळीच्या पानावर निजवलं. खालचं सगळं काढायचं, धुवायचं. लाज सुरुवातीला वाटते. पुढे लाजायला सवड नसते.

आणि भरवणं. तान्ह्या पोराला दूध पाजायचं चोच असलेलं बोंडलं असतं ना, ठकीचं होतं ते काढलं. पातळ पेज, कधी शेळीचं दूध. गालाच्या आत थेंब सोडायचा, गळ्यावरून बोट फिरवायचं, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की पुढचा थेंब. घाई केली की ठसका, आणि त्या ठसक्यात जीव जायचा. सासूबाईंचा हात कापे. जाऊबाई एकदा हौसेने पाजायला बसल्या, ह्यांचा चेहरा निळा पडला, त्या उठल्या त्या पुन्हा बोंडल्याला शिवल्या नाहीत. ते काम माझ्याच हाताला येत होतं. मी आजारी पडले तर काय, हा विचार आला की मला उभ्या उभ्या घाम फुटे.

पाजताना गोड बोलत होते मी. “घ्या हो, एवढं घ्या ना.” पेज गालातच राही. एका सकाळी अर्धी वाटी उशीवर ओघळली आणि माझा तोल गेला. खेकसले, “गिळा की! काय मेलं छळायचं एखादीला! मी काय लाकडाची आहे?”

आणि घाटी हलली. गिळलं त्यांनी!

पुन्हा गोड बोलून पाहिलं. काही नाही. खेकसले. गिळलं. बाई बाई बाई! लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, आणि स्वारीला ऐकू जात होता तो नेमका तोच. हसू की रडू मला कळेना. “सासूबाई, ह्यांना ऐकू येतंय!” असं ओरडत माजघरात गेले. म्हातारीने मला कवटाळलं. दादांकडे निरोप धाडला, ह्यांना ऐकू येतं म्हणून. मीच धाडला.

दादा

दादा वाईट नाहीत. त्यांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. देह मिळाला नाही, तोंडात गंगाजळ पडलं की नाही कोणाला ठाऊक नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, आणि तो दादांनी दिला, कोवळ्या वयात. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच धास्ती होती, की आपलं माणूस पुन्हा असं जाऊ नये. त्यातून वैद्यबुवांनी हेमगर्भाचं नाव काढलं होतं. ती मात्रा कधी उगाळतात हे पोरासोरांना माहीत असतं. जाणाऱ्याचे शेवटचे दोन शब्द ऐकायचे असले की.

माझा निरोप मिळाला तसे दादा एका शास्त्रीबुवांना घेऊन आले. मी दाराआड उभी राहिले. दादांसमोर मी कधी बोलत नसे. बोलायचं ते सासूबाईंमार्फत.

“आई, त्याला आतुरसंन्यास द्यायचा,” दादा म्हणाले. “मरणाच्या दारातल्या माणसाला घेता येतो. मी सगळ्याचा त्याग केला, एवढं तीनदा म्हटलं की झालं. सुटेल गं तो.”

“त्याला बोलता कुठे येतंय?”

शास्त्रीबुवा हळू आवाजाचे, सभ्य गृहस्थ. म्हणाले, “वाचेने येत नसेल तर मनाने म्हटलं तरी शास्त्राला चालतं. मात्र मन जागं हवं. मूर्च्छेतल्या माणसाला संन्यास देता येत नाही. त्याला कळतच नाही, तर त्याग करणार कोण? पण तुमची सून म्हणते, ऐकतात.”

तो निरोप मीच धाडला होता.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी विचारलं, “ती विचारते, बरा झाला तर?”

“तर तो यती. घरी राहता येणार नाही, मठात जावं लागेल.”

संन्यास घेऊन घरी परतलेल्याच्या मुलाबाळांचे काय हाल होतात, ते आळंदीच्या गोष्टीवरून पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“आणि तोवर? त्याला पाजायचं कोणी?”

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. “यतीला स्त्रीचा स्पर्श चालत नाही. मठातले ब्रह्मचारी पाहतील.”

ब्रह्मचारी! उभ्या जन्मात ज्यांनी तान्हं पोर मांडीवर घेतलं नाही, ते घाटी पाहून थेंब सोडणार! मी दाराची चौकट घट्ट धरली.

“आणि मूर्च्छा असली तर?” सासूबाईंनी आपण होऊन विचारलं. त्याचं उत्तर वैद्यबुवांनी आधीच देऊन ठेवलं होतं. मूर्च्छितास तोंडाने काही द्यायचं नाही, श्वासात जातं. भुईवर दर्भ अंथरून त्यावर घ्यायचं, तुळशीपत्र ठेवायचं आणि वाट पाहायची.

म्हणजे ऐकतात म्हणावं तरी माझ्या हातातलं बोंडलं जातं, ऐकत नाहीत म्हणावं तरी जातं. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी तिथे उभी राहिले.

शास्त्रीबुवा म्हणाले, “उद्या सकाळी मी समक्ष पाहीन. तुम्ही रोजच्यासारखं पाजा. ऐकतात असं दिसलं तर पुढचं. आणि पत्नीचा रुकार लागेल. त्याशिवाय मी मंत्र सांगणार नाही.”

रुकार सगळ्यांनी धरूनच ठेवला होता. कोणती बायको नवऱ्याच्या मोक्षाच्या आड येते?

संध्याकाळी तांबड्या जोगेश्वरीला गेले. नवस बोलायला गेले आणि भांडून आले. म्हटलं, आई, तुला सगळं दिसतं ना, मग हेही पाहा. मला मोक्ष कळत नाही. मला माणूस हवाय. माझं कुंकू हवंय, माझी ठकी बापाविना वाढायला नको, तेही खरं, नाही कशाला म्हणू? पण नुसतं तेवढंच नाही गं. मी ओरडले की तो गिळतो. आत कुठेतरी तो मला धरून आहे, आणि मीच हात काढून घेऊ? आजूबाजूच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. पाहू देत, म्हटलं.

सकाळ

सगळे जमले. दादा, शास्त्रीबुवा, वैद्यबुवा भिंतीशी बसले, सासूबाईंनी ह्यांचं डोकं धरलं. मी बोंडलं घेतलं. वडीलधारी माणसं समोर, तोंडातून सवयीने गोडच आलं. “घ्या हो.” पेज गालात राहिली. पुन्हा म्हटलं, “घ्या ना.” पेज ओठाच्या कडेने खाली आली.

“नाही ऐकत,” दादा म्हणाले.

वैद्यबुवांनी पुढे होऊन हात पसरला. “मूर्च्छाच ही. आता पाजू नका, बाई. आणा ते इकडे.”

गप्प राहिले असते तर त्यांनी ते घेतलं असतं. मी ओरडले. थोरल्या दिरासमोर, परक्या पुरुषांसमोर, पदर कुठे गेला त्याची शुद्ध नाही, असं ओरडले, “गिळा! लोक तमाशा बघायला बसलेत! गिळा म्हणते ना मी!”

घाटी वर गेली आणि खाली आली.

दादा हुंदका देऊन रडायलाच लागले. “ऐकतोय! अरे, माझा भाऊ ऐकतोय!” सरकत ते ह्यांच्या कानाशी आले. शास्त्रीबुवा सावरून बसले आणि माझ्याकडे वळले. “बाई, आपला रुकार?”

“नाही.”

“काय?”

“रुकार नाही. ह्यांना ऐकू येतं, भूक आहे, आणि पेज माझ्या हातून जाते. उद्या उठून स्वतःच्या पायांनी मठात निघाले तर मी वाट अडवणार नाही. असे उचलून नेऊ देणार नाही.”

दादांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सासूबाईंना म्हणाले, “आई, हिला सांग. तो असाच गेला तर? पुन्हा जन्म, पुन्हा मरण, पुन्हा हेच सगळं. हे पाप कोणाचं?”

“माझं,” मी म्हणाले. “मला लागू दे.”

शास्त्रीबुवा उठले. “रुकार नाही तर विषय संपला,” एवढंच बोलून बाहेर पडले. दादा उंबऱ्यात थांबले. पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले ते. “स्वतःच्या कुंकवासाठी माझ्या भावाला अडकवून ठेवलंस.” मी ह्यांच्या हनुवटीवरची पेज पुसली.

त्यानंतर

सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाजायची वेळ झाली की मात्र न बोलावता येत आणि डोकं धरून बसत. दादांकडून कोणी येईना. आणि ह्यांचं दुखणं वाढलं. छातीत घरघर सुरू झाली. पाठीचे चट्टे फुटले. एक दिवस असा आला की मी ओरडून ओरडून घसा बसवला तरी घाटी हलेना. मग मी ओरडायचं सोडलं आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून पडले. इहलोकातूनही घालवलं आणि परलोकातूनही, दोन्हीकडून मीच घालवलं, असं वाटत होतं. ठकी दारात उभी राहून विचारत होती, “आई, तूपण निजलीस?” तेव्हा उठले. एवढंच. देवाचा धावा केला, साक्षात्कार झाला, असलं काही माझ्याजवळ सांगायला नाही. पोरीने हाक मारली म्हणून उठले आणि पुन्हा बोंडलं घेतलं.

घरघर उतरली. कशाने, ते वैद्यबुवांनाही सांगता आलं नाही. आणि एका सकाळी चोच ओठांशी नेली तर ओठ घट्ट मिटले. मी पुन्हा नेली. पुन्हा मिटले. अगं बाई, नको म्हणत होते! इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांना काहीतरी नको होतं. मी सासूबाईंना ओढत आणलं. म्हातारी लेकाच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिली आणि मग इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली, “हट्टी आहे. लहानपणापासून.”

पुढे डोळे उघडे राहू लागले, मग नजर माझ्यामागून फिरू लागली. पहिला शब्द काढ्याच्या घोटावर आला. “कडू.”

झोपून उठतात तसं कोणी यातून उठत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. विहिरीतून हंडा वर येतो तसा माणूस येतो, थांबत थांबत, हिंदकळत. उजवा हात अजून धड नाही. चालताना पाय ओढतात. फरासखान्यातली जागा दुसऱ्याला गेली. दादा भावाला भेटायला आता येतात; माझ्या हातचं पाणी घेतात, बोलत नाहीत. आणि तुमच्या उशाशी असा माणूस असेल तर त्याच्याशी बोला. गोड बोला, भांडा, शिव्या घाला, पण बोला. कोणी काहीही नाव देवो. मात्र आत त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, अशी घमेंड बाळगू नका. मी बाळगली होती.

ती कशी उतरली ते सांगते. दुपारची वेळ होती, मी ह्यांच्याजवळ बसून तांदूळ निवडत होते. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, ते विचारलं.

“तेव्हा ऐकू येत होतं?”

“सगळं नाही. लांबून येई. तुझं जवळून.”

“दादा शास्त्रीबुवांना घेऊन आले, ते?”

“हो.”

“मी नाही म्हटलं, ते?”

हे थांबले. शब्द जुळवायला अजून वेळ लागतो. “मी तयार होतो,” म्हणाले. “फार दमलो होतो गं. ते मंत्र सांगतील, मी मनात म्हणेन आणि सुटेन, म्हणून वाट पाहत होतो. तू नाही म्हणालीस. इतका राग आला होता तुझा.”

तांदूळ माझ्या हातात तसेच राहिले. आपण ह्यांचा जीव वाचवला, कधीतरी हे तसं म्हणतील, अशी आस मी मनात धरली होती, ती त्या दुपारी गेली. मला रडूही आलं नाही.

“आणि आता?” मी विचारलं.

अंगणात ठकी कोणाशी तरी भांडत होती, ते हे ऐकत बसले. मग म्हणाले, “आता असू दे.”

त्या ‘असू दे’वर मी आता संसार करते आहे.